मशीन कुणाच्या घरी ठेवायचं

माझ्या धाकट्या लेकीचं, कमलचं, दुसरं लग्न लावलं ते साल दोन हजार चौदा. पहिला जावई ट्रकखाली गेला होता. दुसरा आटपाडीचा, स्वतःचा टेंपो असलेला, बोलायला कमी पण माणूस चांगला. मे महिन्याचं ऊन. विट्यात कार्यालय परवडणारं नव्हतं म्हणून यंत्रमाग कामगार संघटनेच्या पटांगणात मांडव घातला होता. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली आणि मी बुंदीचं घमेलं घेऊन वाढप्यांच्या मागं फिरत होतो, तेवढ्यात पुण्याहून आलेल्या केदार दामलेनं माझी बाही धरली.

"अप्पा, दोन मिनिटं बाजूला या. कुणाला कळू देऊ नका."

"अरे, लेकीचं लग्न हाय माझ्या. आत्ता?"

"आत्ताच."

पाण्याच्या टाकीमागं नेऊन त्यानं आपला फोन माझ्या कानाला लावला. "नांगर," फोन म्हणाला. मग म्हणाला, "विहीर." आवाज माझा होता.

"अक्षरं शिकवणारं हे एका कंपनीनं कालच बाजारात आणलंय," केदार म्हणाला. "पैसे भरून घ्यावं लागतं."

"माझा आवाज त्यांच्याकडं कसा गेला?"

"तेच तर. आपलं मशीन कुणाच्या घरी आहे, अप्पा?"

मी मांडवाकडं पाहिलं. पहिल्या पंगतीत टेंबे सर मान खाली घालून जेवत होते.

इथं थोडं सांगितलं पाहिजे. मी बिरू कोळेकर, यंत्रमागावर जॉबर होतो. बंद पडलेला माग नुसता ऐकून कुठं बिघडलाय ते सांगायचो, पण वयाची एक्कावन्न वर्षं होईपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. दिवाकर टेंबे आयटीआयमधून निवृत्त झालेले मास्तर. संघटनेच्या खोलीत ते आम्हा कामगारांना संध्याकाळी अक्षरं शिकवायचे. आम्हाला लहान पोरांच्या पुस्तकाची लाज वाटते हे त्यांनी ओळखलं आणि मोठ्या माणसांसाठी कॉम्प्युटरवर चालणारा एक प्रोग्राम तयार केला. पडद्यावर अक्षर यायचं, आवाज यायचा, बोटानं गिरवायचं. नाव ठेवलं 'गिरवणी'. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, पुढं वाटावा, असा तो होता. हळूहळू नांदेड, रत्नागिरी, इस्लामपूर, पुणे असे चाळीसेक लोक त्यावर काम करायला लागले. पगार कुणालाच नव्हता, मालकही कुणी नव्हता. त्यातले अकरा हजार शब्द आमच्यासारख्या शिकणाऱ्यांनीच बोलून भरले होते. आणि एक रीत होती. कुणीही काही नवीन केलं की ते आधी माझ्याकडं यायचं. मी कुणाला न विचारता ते शेवटपर्यंत चालवू शकलो, तरच ते लोकांसाठी खुलं व्हायचं. त्याला सगळे 'अप्पा पास' म्हणायचे.

हे सगळं, प्रोग्राम, आवाज, आमच्या चर्चेची यादी, जिच्यावर एकानं लिहिलेलं पत्र सगळ्यांच्या ईमेलला जायचं, एकाच मशीनवर होतं. ते सरांच्या घरी, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत रात्रंदिवस चालू असायचं. ते उघडायचे परवलीचे शब्द फक्त सरांच्या डोक्यात. शब्द कागदावर लिहायचे नाहीत, हा सरांनीच घातलेला नियम. आम्हाला त्याचा मोठा अभिमान होता.

पण त्या वर्षी भांडण लागलं होतं. केदारचं म्हणणं, मशीन घरात ठेवण्याचे दिवस गेले, पुण्याची एक कंपनी आपल्याला फुकट जागा देते आहे, तिथं हलवू. इस्लामपूरच्या फरहीन मुजावरचा कंपनीवर काडीचा भरवसा नव्हता, एका माणसाच्या घरावरही नव्हता. ती म्हणायची, वर्गणी काढून भाड्याची जागा घेऊ आणि किल्ल्या तिघांकडे ठेवू. यादीवर रोज पत्रांचा पाऊस. केदारला कंपनी काय देते, असं फरहीन उघड विचारायची. फरहीनला पुढारी व्हायचंय, असं केदार आडून लिहायचा. आणि सर? सात महिने त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती.

"एक जूनला मिरजेत बैठक आहे," टाकीमागं केदार म्हणाला. "तुम्ही गावातलेच. सरांकडं जा, काय चाललंय बघा, आणि दिसेल ते यादीवर लिहा. तुम्ही लिहिलेलं कुणी खोटं म्हणणार नाही."

मी मांडवात परतलो तेव्हा सर हात धुऊन निघाले होते. "येतो बिरू," म्हणाले, आणि कमलला आशीर्वाद न देताच गेले. तेही मी मनात टिपून ठेवलं.

सोमवारी त्यांच्या घरी गेलो. दारात टेंपो उभा. चार नव्याकोऱ्या मोठ्या बॅटऱ्या उतरत होत्या. कुमुदवहिनी, सरांच्या मिसेस, पदरानं घाम पुसत उभ्या होत्या.

"एवढ्या कशाला वो, वहिनी?"

"त्यांनाच विचारा. माझ्या पाटल्या गेल्या त्यात."

सर बाहेर आले. उजव्या हाताला पांढरी पट्टी, चारही बोटं बांधलेली.

"काय झालं सर?"

"कुकरची वाफ. टायपिंग बंद आहे सध्या. म्हणून यादीवर काही लिहिलं नाही."

"सात म्हईनं?"

मी म्हणालो, मशीन बघू का जरा. त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली काढली आणि खोलीचं दार वीतभर उघडलं. याआधी त्या दाराला कधी कुलूप नव्हतं. आत पंख्याची घरघर, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, त्यापुढं एक चौकोन लुकलुकत होता. मी नीट वाचायला म्हणून पुढं झालो.

"हात लावू नको!"

इतक्या वर्षांत सर माझ्यावर ओरडले नव्हते. 'क्ष' शिकायला मी महिना घेतला तेव्हाही नाही.

"न्हाई लावत. पर सर, ते उघडायचे शब्द कुणालातरी सांगून ठेवा की. माणसाचं काय सांगता येतंय?"

"माझ्या डोक्यात आहेत ते." त्यांनी दार ओढून घेतलं. "तुला केदारनं पाठवलंय?"

"न्हाई वो. सहज आलो."

त्यांना ते पटलं नाही, आणि मला त्यांचा कुकर पटला नाही.

बुधवारी लग्नातले लाडू द्यायचं निमित्त करून परत गेलो. सर झोपाळ्यावर बसले होते. डबा घ्यायला त्यांनी उजवा हात पुढं केला. हात स्वच्छ, कुठं डाग नाही. पट्टी डाव्या हाताला होती.

लाडू दिले, चहा घेतला, निघालो. ही पट्टी मला कोण शिकवणार? बँकेत स्लिप भरायची वेळ आली की मी तीस वर्षं अंगठ्याला चिंधी गुंडाळून जात होतो. "साहेब, मागात हात सापडला, एवढं लिहून द्या की." एकदा घाईत माझीही चिंधी दुसऱ्या हाताला बांधली गेली होती आणि कारकून हसला होता. खोटी पट्टी मी शंभर पावलांवरून ओळखतो. सर खोटं बोलत होते, आणि ते मी पकडलं होतं, याचा मला खरं सांगायचं तर आनंद झाला.

थोरल्या मुलाच्या कॉम्प्युटरवर बसून दुपारभर मी पत्र लिहिलं. आठ ओळी. तोवर मी यादीवर 'पास' किंवा 'नापास' याच्यापलीकडं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं ते असं: 'मी सरांच्या घरी दोनदा गेलो. खोलीला आता कुलूप असते. किल्ली सर अंगावर ठेवतात. मशीनजवळ जाऊ देत नाहीत. चार नव्या बॅटऱ्या आणल्या आहेत. हात भाजला म्हणून लिहीत नाही असे सांगतात. पट्टी सोमवारी उजव्या हाताला होती आणि आज डाव्या हाताला आहे. सर आपल्याशी खोटे बोलत आहेत.' खाली नाव घातलं आणि पाठवलं.

दिवस मावळायच्या आत तीस उत्तरं. केदारनं लिहिलं, अप्पांनी सगळ्यांचे डोळे उघडले. रत्नागिरीच्या एकानं लिहिलं, आवाज कितीला विकले ते तरी कळू द्या. नांदेडच्या मास्तरीणबाईंनी लिहिलं, मला रडू येतंय.

फरहीननं फोन केला.

"अप्पा, पट्टी बदलली ते बघितलंत. का बांधली ते विचारलंत का?"

"चोर आपल्या तोंडानं सांगंल व्हय?"

"चोरानं रोज पत्रं लिहिली असती, अप्पा. गोडगोड. तो असा गप्प बसला असता का? आणि विकायला काय ठेवलंय आपण? ते आवाज कुणीही उचलून न्यावेत, असं आपणच लिहून ठेवलंय. त्या कंपनीनं उघड्या दारातनं उचलले असतील."

"मग केदार..."

"केदारला आठवत नसेल असं नाही. चाळीस जणांना माहीत आहे हे. रागात कुणाच्या डोक्यात येत नाही."

मी फोन ठेवला. माझी बायको हौसा चुलीपुढं भाकरी थापत होती. सगळं ऐकत होती. पत्र पोरानं तिला वाचून दाखवलं होतं.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"खोटं लिहिलं न्हाई मी काय."

"मी कुठं म्हणती खोटं लिहिलं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुमी बँकेत चिंधी बांधून जात हुता, तवा काय चोरी करायला जात हुता?"

मी माझ्या अंगठ्याकडं पाहिलं.

"भाकरी घ्या," ती म्हणाली. "का तीबी नको?"

शुक्रवारी दुपारी मी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेल्या. सर खोलीतच होते, मशीनपुढं लाकडी खुर्ची टाकून. आज दोन्ही हात मोकळे. मांडीवर छापून काढलेला कागद.

"ये. तुझं पत्र वाचत होतो," ते म्हणाले. "आठ ओळी. एकही चूक नाही. दोनदा तपासलं."

मी उंबऱ्यावरच बसलो. म्हणालो, "सर, आठवत न्हाई, व्हय?"

पंख्याची घरघर चालू होती. सरांनी कागदाची घडी केली, परत उलगडली.

"चार शब्द आहेत," ते म्हणाले. "तीन येतात. चौथा दारापर्यंत येतो आणि माघारी जातो. गेल्या दिवाळीपासून. आणि तेवढंच नाही बिरू. यादी उघडतो, पत्र वाचतो, उत्तर लिहायला घेतो, तोवर कुणी काय विचारलं होतं ते जातं. तुझ्या मांडवात बसलो होतो. लग्न कुणाचं, ते शेजारच्याला विचारलं."

"मग सांगायचं न्हाई आमाला?"

"तू सांगितलं होतंस कुणाला? तीस वर्षं?"

"पट्टीची युक्ती तुझीच," सर म्हणाले. "वर्गात तूच सांगितली होतीस. किती हसलो होतो आपण. डावा-उजवा मात्र सांभाळता आला नाही मला."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. मशीन दिवाळीच्या आधीपासून एकदाही बंद झालेलं नव्हतं. चालू होतं तोवर सगळं उघडं होतं. एकदा बंद पडलं की ते परत चारी शब्द मागणार, आणि दुसरी जी प्रत कपाटात होती तिलाही तेच चार शब्द. म्हणून कुलूप, म्हणून बॅटऱ्या. आणि वीज मंडळानं शनिवारी खांब बदलायला नऊ ते पाच वीज बंद राहणार, असं कळवलं होतं. बॅटऱ्या सगळ्या मिळून पाच तास निघणार होत्या. दहादा हिशोब केला होता त्यांनी, भिंतीवर पेन्सिलीनं.

"ही जी खिडकी समोर उघडी आहे," ते पडद्याकडं बोट करून म्हणाले, "ती मी दिवाळीआधी उघडलेली. इथून सगळं बाहेर काढता येईल. पण काय टाइप करायचं त्याची मला खात्री वाटत नाही. एक चुकीचं टाइप केलं तर पुसलं जाईल. सात महिने मी नुसता बसून आहे समोर."

"फरहीनला बोलवू?"

सरांनी पडद्यावरच्या लुकलुकत्या चौकोनाकडं पाहिलं.

"बोलव. पण बैठकीत सांगायचं नाही. तिनं नाही, तू नाही."

"सर, ते तुमाला चोर म्हणायलेत. माझ्याच पत्रामुळं."

"म्हणू देत. चोर म्हटलं तर निदान माणूस शुद्धीत होता, असं तरी होतं." त्यांनी माझा खांदा धरला. "मी चाळीस वर्षं शिकवलंय. 'मास्तरांचं डोकं गेलं' असं माझ्या पोरांनी म्हटलेलं मला नको. शपथ घे."

मी घेतली.

फरहीन शनिवारी सकाळी सातला स्कूटीवर आली, पाठीवर पिशवी, पिशवीत दोन डिस्क. वहिनींनी पोहे दिले, ते तसेच गार झाले. ती खुर्चीवर बसली तशी सर तिच्या मागं उभे राहिले.

"तुझं नाव काय, बाळ?"

"फरहीन. इस्लामपूरची."

"छान. जपून हं."

नऊला वीज गेली. पंख्याचा आवाज जरा बसला आणि परत चढला. बॅटऱ्यांनी घेतलं होतं. मी दारात उभा राहून आवाज ऐकत होतो. माग बंद पडायच्या आधी ओढ लागते, तशी ओढ लागते का ते बघत होतो.

"तुझं नाव काय म्हणालीस?" सरांनी साडेदहाला विचारलं.

"फरहीन, सर. इस्लामपूरहून आलेय." मघाशी सांगितल्याची खूणसुद्धा तिनं आवाजात येऊ दिली नाही.

बाराला तिनं मला खूण केली. "यादीवरची जुनी पत्रं निघताहेत आता," ती हळू म्हणाली. "अप्पा, तुमचं बुधवारचं पत्र वगळू शकते मी. कुणाला कळणार नाही."

"वगळू नको," सर मागून म्हणाले. त्यांना ऐकू गेलं होतं. "त्याचं पहिलं पत्र आहे ते."

एक वाजता पंख्याला ओढ लागली. मी म्हणालो, "पोरी, अर्धा तास हाय तुझ्याकडं." पंचवीस मिनिटांनी तिनं डिस्क काढली, दुसऱ्या डिस्कवर सगळं ताडून पाहिलं आणि डोळे पुसले. पाच मिनिटांत मशीन बंद पडलं. घर एकदम मोठं वाटायला लागलं. सर रिकाम्या पडद्यापुढं वाकून बघत होते. मग सरळ झाले आणि फरहीनला म्हणाले, "शाबास. नाव काय तुझं?"

"फरहीन, सर."

रविवारी मिरजेत वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही सव्वीसजण जमलो. फरहीननं डिस्क टेबलावर ठेवली. "सगळं यात आहे. सरांनी स्वखुशीनं दिलंय."

"सात महिने गप्प बसलेला माणूस अप्पांच्या पत्रानंतर तीन दिवसांत स्वखुशीनं देतो?" केदार उठून म्हणाला. "पकडले गेल्यावर दिलंय. अप्पा, तुम्ही होतात तिथं?"

"होतो."

"पट्टी खोटी होती ना?"

"व्हय."

"का बांधली होती, विचारलंत?"

"विचारलं."

"मग?"

सगळे माझ्याकडं बघत होते. नांदेडच्या बाईंनी तर चष्मा काढून हातात घेतला होता.

"ते मी सांगणार न्हाई."

कुजबूज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "अप्पांनाही मिळाला वाटतं वाटा." एक-दोघं हसले. फरहीन उठायला लागली, मी तिच्या मनगटाला धरून खाली बसवलं.

ठराव झाले. केदारची कंपनी नको, कारण आता कुणाचाच कुणावर विश्वास उरला नव्हता. वर्गणीतून भाड्याची जागा घ्यायची. किल्ल्या तिघांकडे, आणि यापुढं परवलीचे शब्द कागदावर लिहून बंद पाकिटात ठेवायचे. सरांनी घातलेला नियम तिथंच मोडला आणि तो मोडायला सुचवलं फरहीननं. शेवटचा ठराव केदारचा होता. संशय फिटेपर्यंत दिवाकर टेंबे यांचं नाव संस्थापक म्हणून कुठंही येऊ नये. बाजूनं असलेल्यांनी हात वर करावेत.

मी शपथ घेतली होती. नुसतं गप्प बसून ती निभावली नसती. हात खाली राहिला असता तर का खाली राहिला ते सांगावं लागलं असतं. माझा उजवा हात वर गेला. फरहीननं माझ्याकडं बघितलं आणि आपलाही केला.

त्या बैठकीनंतर नवीन काम माझ्याकडं पास व्हायला आलं नाही. कुणी नको म्हणालं नाही, कुणी पाठवलंही नाही. 'गिरवणी' अजून चालते, पुष्कळ गावांत चालते. फरहीन दर ईदला शिरखुर्मा घेऊन सरांकडं यायची आणि दर वेळी आपलं नाव सांगायची.

यंदा कुमुदवहिनींनी मला बोलावून सांगितलं, "भाऊजी, आता लिहा. त्यांना लाज वाटायची, मला वाटत नाही." म्हणून हे लिहिलं. यादीवरही हेच पाठवणार आहे.

दिवाकर टेंबे सतरा नोव्हेंबर दोन हजार सतरा रोजी, शुक्रवारी सकाळी, विट्याला राहत्या घरी वारले.